कचरा उचलणारा हात

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. वडील गेले, त्यांच्याही कानावर गेलं नाही. आज तुमच्याशी बोलायला बसलो — आणि बघा, तरी आधी त्या गाडीचंच कौतुक सांगावंसं वाटतंय. सांगू द्या.

खाजगी कंपन्यांना शहराची कामं नुकती मिळू लागली होती, तेव्हाची गोष्ट. हैदराबादचा कचरा तोवर माणसंच उचलायची. फावडं, टोपली, उघडा ट्रॅक्टर. माझी आत्या सिकंदराबादेत हेच काम करायची. घरी आल्यावर कोपरापर्यंत हात घासायची, आणि तरी पिठाला हात लावायची नाही.

त्या आत्याच्या भाच्याने गाडी बनवली! चालकाने एक बटण दाबायचं. मागचा लोखंडी हात खाली यायचा, कचऱ्याची कुंडी धरायचा, वर नेऊन गाडीत पालथी करायचा आणि परत जागेवर ठेवायचा. माणसाचं बोटसुद्धा कचऱ्याला लागायचं नाही. हात वर टोकाला पोचला की एक छोटा स्विच दाबला जायचा आणि तो आपोआप थांबायचा. तो स्विच कुठे बसवायचा, हे मी ठरवलं होतं. मी — नांदेडकडून आलेल्या रेल्वेच्या खलाशाचा मुलगा, घराण्यातला पहिला इंजिनिअर. गर्व होता का? होता. आजही आहे. तो मी कधी लपवला नाही.

लपवलं ते वेगळंच.

आमच्या घरात आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून नारळ नाही, नवस नाही, नजर लागणं नाही. वडिलांना याचा माझ्या डिग्रीइतकाच अभिमान होता. मलाही होता — निदान चारचौघांत तरी.

नामपल्लीच्या मैदानावर अधिकाऱ्यांना गाडी चालवून दाखवायची होती. कंत्राट त्यावरच ठरणार होतं. आदल्या दिवशी आमचा चालक यादगिरी पिशवीतून नारळ घेऊन आला. बिचाऱ्याचं उभं आयुष्य उघड्या ट्रॅक्टरवर गेलेलं. ही गाडी मिळाल्यापासून तो सुट्टीच्या दिवशीही खाकी घालून फिरायचा.

"नवी गाडी है सार. एक नारियल तो फोडने दो."

"यादगिरी, ये मशीन है. जातरा नै."

सगळे हसले. तोही हसला, आणि म्हणाला, "तुमे कालेज पढे सार, गाडी तो नै पढी ना!"

आता लोक जास्तच हसले. मला झोंबलं ते. मी सगळ्यांदेखत बजावलं — फूल, कुंकू, लिंबू, गाडीवर काहीही दिसलं तर चावी काढून घेईन. त्याने गुपचूप नारळ पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी लवकर निघालो. हात अडकला तर? सगळे परत हसले तर? नामपल्ली स्टेशनबाहेर एक बाई लिंबू-मिरच्या दोऱ्यात ओवून विकत बसली होती. मी पुढे गेलो. थांबलो — आणि मागे आलो.

हो. मी विकत घेतलं ते. मैदानावर अजून कुणी आलं नव्हतं. मी ते गाडीला बांधलं. पण दिसता कामा नये ना? लोखंडी हाताच्या मागे, सांदीत, एकच आडोसा होता. माझा स्विचही तिथेच. इंजिनिअरला एवढं कळू नये? त्या घटकेला मला स्विच दिसतच नव्हता, फक्त लोकांचे डोळे दिसत होते.

पाहुणे आले. बटण दाबलं. हात काय डौलात उठला म्हणून सांगू! आणि अर्ध्यात लिंबू सांदीत दाबलं गेलं, लिंबाने स्विच दाबला, मशीनला वाटलं आपण पोचलो. हात जागच्या जागी थांबला. कुंडी तिरपी लटकली, झाकण उघडलं, आणि सालपटं, पत्रावळ्या, कसलंसं काळं पाणी — सगळं पहिल्या रांगेतल्या बुटांवर.

आमच्या कंपनीच्या मालकांनी स्वतः सांदीत हात घालून चेचलेलं लिंबू बाहेर काढलं. कुणी काही विचारलंच नाही. सगळे यादगिरीकडे बघायला लागले. मालक माझ्याकडे वळले. "कल तुम मना किये थे ना इसकू?"

मी म्हणालो, "किया था सार. सबके सामने."

यात खोटा शब्द एक तरी सापडतोय का? मला आजवर सापडलेला नाही. इतक्या सफाईने मी आयुष्यात दुसरं काही केलं नसेल. यादगिरीने "मैं नै, सार" असं म्हटलेलं मी ऐकलं, आणि गाडीखाली वाकून काहीतरी तपासत राहिलो.

त्याची चावी गेली. तो परत फावडं घेऊन ट्रॅक्टरमागे लागला. पुढे मी स्विचवर पत्र्याचं झाकण बसवलं, पुन्हा दाखवलं तेव्हा गाडी बिनचूक चालली, कंत्राट मिळालं. अडाणी चालकांचाही विचार करणारा इंजिनिअर म्हणून मालकांनी माझी पाठ थोपटली. ते झाकण मग प्रत्येक गाडीला बसलं. चांगलंच आहे ते झाकण. रस्त्यात दिसलं की अजून छाती फुगते माझी — हेही सांगितलं पाहिजे.

आणि एक राहिलं. चावी गेल्यानंतर थोड्याच दिवसांत यादगिरी माझ्या टेबलापाशी आला. त्याची बायको आमच्याच आवारात झाडायला होती.

"मेरी घरवालीच बांधी होंगी सार," तो मान खाली घालून म्हणाला. "नै बोल रई, कसमां खा रई. मगर और कौन बांधता? बातां बंद कर दिया मैं उससे. माफ कर देव सार."

खिडकीतून ती दिसत होती. आवार झाडत होती.

मी खुर्चीतून उठलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याला माफ केलं.