घावन खाण्याआधी

माझं शिक्षण नगरपालिकेच्या शाळेत चौथीपर्यंत. त्यामुळे मुलीला ठाण्यातल्या कॉन्व्हेंटमध्ये घालायचं म्हटल्यावर खोपटच्या आमच्या चाळीतले लोक हसले. नवरा एसटी डेपोत मेकॅनिक. त्याला कुठलीही शाळा चालली असती. मला चालणार नव्हती.

मुलाखतीला बाकीच्या आया इंग्रजी वाक्यं पाठ करून आल्या होत्या. मी मराठीत सांगितलं, मला येत नाही, म्हणून तर हिला आणलंय. सिस्टर वसईची होती. तिने मुलीची नखं बघितली आणि घेतलं.

शाळा तेव्हाच जुनी होती. चर्चच्या आवारात दोन कौलारू वर्गांवर सुरू झाली म्हणायचे. पुढे इमारत झाली, तरी ते वर्ग मागे होते, चिंचेखाली. ही सिस्टर सकाळी स्वतः फाटकात उभी राहायची. आता तिथे वॉचमन आणि कॅमेरा आहे. मुलगी आत गेली की मी उगीच थोडा वेळ थांबायची. मला ते फाटक आवडायचं.

गणपतीत घोळ झाला. आरती संपली, सगळ्यांनी हात जोडले आणि माझ्या मुलीने कपाळ, छाती, खांदे असा क्रॉस केला. देवासमोर असंच करतात, अशी तिची समजूत. गावाहून आलेली मंडळी बघत होती. सासूबाई म्हणाल्या, "आता ही त्या शाळेत जाणार नाही."

विसर्जन झालं, शाळा सुरू झाली, मुलगी घरातच. दप्तर सासूबाईंनी पोटमाळ्यावर टाकलं. मी भांडले. नवरा आईपुढे बोलत नसे.

त्या शाळेची एक रीत होती. मूल बरेच दिवस दिसलं नाही की सिस्टर घरी यायची. संध्याकाळी आली. सासूबाई घावनं घालत होत्या. दारात आलेल्याला तसंच पाठवणं त्यांना जमत नसे. रागातच ताटली पुढे सरकवली आणि विचारलं, "लग्न का नाही केलंस गं?"

"देवाचं काम घेतलंय ना, आजी."

"मग कर की. आमच्या पोरीला कशाला ओढतेस?"

"ओढत नाही. घरी हातच जोडायचे, हे मीच सांगेन तिला."

मग तिने डोळे मिटले, पुटपुटली, क्रॉस केला आणि घावनाचा तुकडा मोडला. सासूबाई बघत राहिल्या. तव्यावरचं करपलं.

"रोज करतेस हे?"

"रोज. मुलीपण डबा खाताना करतात."

सिस्टर गेल्यावर सासूबाई माझ्या नवऱ्याकडे वळल्या. "तू कधी देवाचं नाव घेऊन जेवलायस?" तो खाली बघून खात राहिला. दप्तर त्यांनीच खाली काढायला लावलं.

तेव्हापासून नातीची इंग्रजी प्रार्थना होईपर्यंत आमच्याकडे कोणाला भाताला हात लावता येत नसे. कळत कोणालाच नव्हती. शेवटी सासूबाई 'मोरया' म्हणायच्या, मग जेवण.

आता मी डोंबिवलीत त्याच मुलीकडे राहते. ती मोठ्या हुद्द्यावर आहे, जेवताना फोनवर बोलते. नातवंडं मोबाइल बघत खातात. मी ताट पुढे आलं की थोडी थांबते. प्रार्थना मला कधीच पाठ झाली नाही. मोरया म्हणते आणि जेवते.