छातीतली जास्तीची वाट

पुंडलिकनगरात मी घरीच ब्लाउज शिवते. सात-आठ वर्षं मला मधूनच धडधड सुरू व्हायची. खाली वाकून काही उचललं की एकदम. फ्रिजचं गार पाणी प्यायलं की बऱ्याचदा तशीच थांबायची. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं शांत. ईसीजी चांगला यायचा आणि "टेन्शन घेऊ नका" ऐकून मी परत यायचे. आपण भित्र्याच आहोत, असं मलाही वाटायला लागलं होतं.

उस्मानपुऱ्यात एका दवाखान्यात ईसीजी काढणाऱ्या आपा माझ्याकडून कपडे शिवून घ्यायच्या. एकदा त्यांचं माप घेताना टेप पडला, मी वाकले आणि सुरू झालं. मी फ्रिजकडं निघाले, तर त्यांनी माझं मनगट धरून घड्याळ बघितलं.

"चक्कर येतेय? छातीत दुखतंय?"

"नाय."

"मग पाणी नका पिऊ, भाभी. अशाच चला. आज ईसीजीत पकडू तिला."

रिक्षात मी पहिल्यांदाच मनात म्हणत होते, थांबू नको. थांबली नाही. कागदावर रेघा मशीनच्या बारीक टिपेसारख्या दाट उमटल्या. आपांनी तो कागद स्वतः डॉक्टरांकडं नेला.

पुढं मोठ्या दवाखान्यात मांडीतून बारीक तारा हृदयापर्यंत घातल्या. मी पूर्ण जागी होते.

"आता तुमची धडधड मीच सुरू करणार," डॉक्टर म्हणाले, आणि खरंच झाली. इतकी वर्षं जी मनात येईल तेव्हा यायची, ती त्यांच्या हुकमानं आली, हे बघून मी घाबरायचंच विसरले. त्यांनी सांगितलं, हृदयात वरच्या बाजूला वीज उठते, एका वाटेनं खाली जाते आणि ठोका पडतो. माझ्यात एक वाट जास्तीची होती. वीज तिच्यातून परत वर येऊन गोल गोल फिरायची.

"वीज येते कुठून?"

"शरीरातल्या क्षारांतून. ते पेशींच्या आत-बाहेर करतात ना, त्यातून."

ती वाट त्यांनी तारेच्या टोकानं जाळली. मग धडधड पुन्हा सुरू करून पाहिली, झाली नाही. त्यानंतर आजपर्यंत नाही.

गंगापूरहून आई भेटायला आली. "वाट जाळली म्हणं. मग रगत कुठून जाईल?"

"रक्ताची नाय आई, विजेची."

ती म्हणाली, "माझ्यात बी हाय का वीज?"

"व्हय. सगळ्यांतच असती."

तिनं पदराखालून छातीवर हात ठेवला आणि तशीच ऐकत बसली.