मोहाखालची हजेरी

माझा साडू पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. जगात कुठे तंत्रज्ञानाचं पान हललं की ती बातमी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणं हे तो आपलं कर्तव्य समजतो. अमक्या कंपनीने तमकी गिळली, यंत्र आता कविता करतं, आता डोंगरदऱ्यांत आभाळातून थेट इंटरनेट उतरणार. खाली हात जोडल्याची खूण, जणू ते उतरवण्यासाठी दोरखंड ह्यानेच धरलाय. ह्या सगळ्या बातम्या मला रोज सकाळी साडेदहाच्या सुमारास एका मोहाच्या झाडाखाली एकदम मिळायच्या. त्याच्या अलीकडे-पलीकडे माझ्या फोनचा उपयोग फक्त वेळ बघायला.

मी सातपुड्यातल्या एका पाड्यावर शिक्षक होतो. तळोद्याहून जीपने निघायचं, रस्ता संपला की उतरायचं आणि पुढे अर्धा तास चालायचं. एका खोलीची शाळा, एकवीस पोरं, आणि मी एकटा गुरुजी. दुसरी शाळा होती, पण ती टेकडी ओलांडून नाल्यापलीकडे. पावसाळ्यात तो नाला आठ-आठ दिवस कोणाला पलीकडे जाऊ देत नाही. म्हणजे आमची शाळा बंद झाली तर मोठी पोरं कशीबशी जातील, पण पहिली-दुसरीतली घरी बसतील, आणि मुलींचं तर विचारूच नका. हे पाड्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं आणि मलाही.

शाळेपासून वर चढून गेलं की टेकाडावर तो मोह. त्याच्या दक्षिणेकडच्या मुळीवर उभं राहिलं की नेटवर्कची एक काडी यायची. कधी दोन. दोन आल्या की मी बायकोला फोन करायचो आणि ती विचारायची, "आज सणवार शे का काही?"

मग एके दिवशी हजेरीचं नवं ॲप आलं. कोणत्या तरी मोठ्या शहरातल्या कंपनीने बनवलेलं. वातानुकूलित खोलीत बसून ज्यांनी ते बनवलं, त्यांच्या कल्पनेतली शाळा म्हणजे डांबरी रस्त्यालगतची, समोर झेरॉक्सचं दुकान असलेली. नियम असा की गुरुजीने अकराच्या आत, शाळेच्याच जागेवरून, पोरांसकट फोटो पाठवायचा. जागा फोन स्वतः ओळखणार. फोटो तिथल्या तिथे, त्याच क्षणी गेला पाहिजे. नाही गेला तर शाळा भरलीच नाही.

आदेश आला त्याच संध्याकाळपर्यंत शाळेची नोंदणी करायची होती. मी मोहाखाली गेलो, शाळेचं नाव भरलं, गाव भरलं. फोनने विचारलं, 'हीच तुमची शाळा का?' नाव बरोबर होतं, गाव बरोबर होतं, मी 'हो' दाबलं. तो नावाबद्दल नाही, माझ्या पायाखालच्या जमिनीबद्दल विचारत होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. सरकारदरबारी आमची शाळा टेकाडावरच्या मोहाखाली गेली. मी एकटाच मूर्ख नव्हतो, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. ज्याला जिथे काडी मिळते तिथूनच तो नोंदणी करणार. म्हणून आमच्या पट्ट्यातली एक शाळा घाटाच्या वळणावर गेली, एक पाण्याच्या टाकीवर चढली, आणि एक तर पार एका किराणा दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसली. दुरुस्तीचं बटण ॲपमध्ये नव्हतं. चूक होऊ शकते हे बनवणाऱ्यांना ठाऊकच नसावं. बिनचूक माणसं!

मग रोज सकाळी मी एकवीस पोरं घेऊन टेकाड चढायचो, फोटो काढायचो आणि उतरायचो. जाऊन-येऊन तास जायचा. जीपवाल्याला ही गंमत सांगितली तर तो खो-खो हसला. "गुरुजी, मंग शाळाच तठे लई जा ना!" मीही हसलो.

एके सकाळी तपासणीला साहेब आले. त्यांनी शाळेत डोकावलं तर कोणी नाही. मग घामाघूम होऊन ते वर मोहाशी आले आणि पोरांसकट मला बघून म्हणाले, "शाळा कुठे आहे तुमची?"

मी म्हटलं, "खाली."

"ॲपमध्ये तर इथे आहे."

"ॲपमध्ये चूक आहे."

"मग तुम्ही खाली असायला हवं."

"खाली असलो तर मी ॲपमध्ये नसतो, साहेब."

त्यांनी ह्यावर विचार केला नाही, कारण त्यांच्या फॉर्ममध्ये विचाराचा रकाना नव्हता. 'शाळेच्या वेळेत वर्ग रिकामा' असा शेरा लिहून ते उतरले. पुन्हा असं दिसलं तर शाळा समायोजनाच्या यादीत जाईल, असं जाता जाता म्हणाले. समायोजन म्हणजे शाळा बंद करून पोरं दुसरीकडे पाठवणं. बंद म्हणायची ह्यांना लाज वाटते.

ही गोष्ट मी पाड्याच्या कारभाऱ्याला सांगितली. गावाचा शब्द त्याच्या तोंडून निघतो. वयाने माझ्या वडिलांएवढा, आणि त्याची नात माझ्याकडे पहिलीत. त्याच्या मराठीत 'तुम्ही' नाही. मला, साहेबाला आणि देवाला तो सारखंच 'तू' म्हणतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझा फोन म्हणतो शाळा मोहाखाली आहे?"

"हो."

"मग तिथेच बांधू. त्यात काय."

तिकडे लाहची रीत आहे. कोणाचं घर बांधायचं, कोणाचं शेत निंदायचं असलं की अख्खा पाडा येतो, काम करतो, ज्याचं काम त्याच्याकडे जेवतो आणि घरी जातो. उद्या दुसऱ्याकडे. पुण्याच्या सभागृहांत 'कम्युनिटी'वर भाषणं ठोकणाऱ्या माझ्या साडूच्या जातभाईंना मी हे एकदा दाखवणार होतो. कोणी भाषण केलं नाही, कोणी टी-शर्ट वाटले नाहीत. सागाच्या मेढी रोवल्या, बांबूचे कूड विणले, वर कौलं चढवली, बायकांनी शेणामातीने सारवलं. तिसऱ्या दिवशी मोहाखाली शाळा उभी होती. पाड्याला माझ्याकडून डाळ-भात, एवढाच खर्च. त्यानंतर हजेरी रोज गेली. साहेब पुन्हा आले, झोपडीसमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढून गेले. पोरांना वरचा वारा आवडायचा. मोहाची फुलं पडायच्या दिवसांत वर्गाचं लक्ष तेवढं फळ्यावर नसायचं, पण ते खालच्या शाळेतही नसायचंच.

इथे मी थांबायला हवं होतं.

पण मला खोड आहे. माझे वडील पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात होते. तिथल्या ऑफिसने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर त्यांनी मला आणून दिला होता आणि एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून मी त्यात लिनक्स ही मुक्त प्रणाली घातली होती. तेव्हापासून मुक्त सॉफ्टवेअर ही माझी निष्ठा. लोकांना वाटतं मी फुकट मिळतं म्हणून वापरतो. अरे, फुकट तर ते हजेरीचं ॲपही होतं! मुक्त म्हणजे ज्याचं झाकण उघडता येतं ते. आमच्याकडे तापीकाठी ज्या पंपाचं झाकण शेतकऱ्याला उघडता येत नाही, तो पंप कोणी बसवत नाही, मग तो कितीही चकचकीत असो. जगातल्या कोणालाही सुधारता येतो अशा एका मुक्त नकाशावर मी आमची शाळा, नाला, तो मोह, सगळं कधीच टिंबाटिंबाने बसवलं होतं. चूक झाली तर दोन मिनिटांत दुरुस्त. आणि इथे सरकारी पैशाने बनलेल्या ॲपचं झाकण ठोकून बंद, आत काय चाललंय ते विचारायचीही सोय नाही. मुक्तवाल्यांचीही मी आरती ओवाळत नाही. त्यांना काही विचारायला जावं तर मागच्या दहा वर्षांच्या चर्चा वाचून या म्हणतात. पण निदान चर्चा असते तरी.

तर, सगळं सुरळीत चालू असताना मला रोज त्या स्क्रीनवर आमच्या शाळेची जागा चुकीची दिसायची आणि माझं डोकं फिरायचं. चुकीचं ते चुकीचं. मी कंपनीला लिहायला लागलो. मोहाखाली, मुळीवर उभा राहून. दोन मागण्या. पहिली, शाळेची जागा दुरुस्त करा. दुसरी, फोटो त्या जागेवर काढून फोनमध्ये साठवू द्या आणि नेटवर्क आलं की जाऊ द्या. जागा ओळखायला इंटरनेट लागत नाही, पाठवायला लागतं. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ही सोय कैक वर्षांपासून आहे, हवी तर उचला, कोणी पैसे मागणार नाही, असंही लिहिलं. ही दुसरी मागणीच खरी होती. पण पहिलीत माझी हुशारी दिसत होती, म्हणून ती मी वर लिहिली, आकडे आणि नकाशासकट. साडूलाही गळ घातली. तो म्हणाला, "भाऊ, ते सरकारी सिस्टीम शे, त्याले कोणी हात लावत नही." आणि त्याच दिवशी त्याने ग्रुपवर बातमी टाकली की यंत्रं आता माणसासारखा विचार करू लागली आहेत. कोणत्या माणसासारखा, ते बातमीत नव्हतं.

बायको म्हणायची, "चाली ऱ्हायनं ना सगळं? मंग कसाले खाजवतस?" मी तिला तत्त्व समजावून सांगायचो.

पावसाळ्याच्या तोंडावर उत्तर आलं. 'आपली समस्या सोडवण्यात आली आहे. कृपया आम्हाला पाच तारे द्या.' मी ॲपमध्ये शाळेची जागा उघडून पाहिली. शाळा खाली, तिच्या खऱ्या जागी, अगदी माझ्या नकाशाप्रमाणे. मी जिंकलो होतो. खोटं कशाला सांगू, पाच तारे दिले.

दुसऱ्या मागणीसमोर लिहिलं होतं, 'सूचना नोंदवली आहे.'

सोमवारी मोहाखाली फोटो काढला तर फोन म्हणाला, तुम्ही शाळेच्या हद्दीबाहेर आहात. पोरं घेऊन पळत खाली आलो. खाली फोन म्हणाला, इंटरनेट उपलब्ध नाही. दोन्ही खरं होतं. आता चूक कुठेच नव्हती, म्हणून दुरुस्तही काही करता येत नव्हतं. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. मी कागदावर हजेरी लिहून कार्यालयात नेली. त्यांनी कागद घेतला, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "गुरुजी, इथे तर शून्य आहे." मी म्हटलं, जागा परत चुकीची करून द्या, मी लेखी देतो. ते माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघत राहिले. खरंच लेखी दिलं मी. कंपनीलाही पाठवलं. त्याचं उत्तर आलं नाही.

महिनाभराच्या शून्यांनंतर समायोजनाचा आदेश निघाला. तोही मला मोहाखालीच मिळाला, साडूच्या तीन बातम्यांच्या खाली. झोपडीत पोरं पाढे म्हणत होती. कारभारी नातीला पोचवायला आला होता, तो माझ्या तोंडाकडे बघून थांबला. मी त्याला वाचून दाखवलं. नाला तेव्हा भरून वाहत होता, त्याचा आवाज वरपर्यंत येत होता.

मला वाटलं तो साहेबांना शिव्या घालेल, कंपनीला घालेल. मी तर तयारच होतो, चांगल्या दहा-बारा मी स्वतः जुळवून ठेवल्या होत्या. त्याने फक्त विचारलं, "गुरुजी, तू इथे उभा राहून रोज लिहायचा, त्याचंच हे उत्तर का?"

मी हो म्हटलं.

त्याने मान डोलावली, झोपडीत जाऊन नातीचं दप्तर उचललं आणि तिला घेऊन घरी गेला.