इंजिनातला ऊद

मुलांनो, तुमच्या नव्या खेळण्यातल्या रेल्वेचा व्हिडिओ पाहिला. इंजिन धूर सोडतं, शिट्टी देतं, सगळं झकास आहे. "आजी, तुझ्या लहानपणी असं होतं का?" असं तुम्ही फोनवर विचारलंत, पण मध्येच आवाज तुटायला लागला. म्हणून लिहूनच कळवते. होतं, फक्त त्याला माणसं लागत.

आम्ही कुंभकोणमला राहत होतो. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. तिकडे नवरात्रात घरोघर कोलू मांडतात. पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या, वर देवी, खाली माणसं, आणि जमिनीवर वाळूचं एक गाव. आमच्या वाळूच्या गावातून किल्लीची आगगाडी जाई. ती आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. त्यांना रेल्वेत नोकरी करायची होती, पण डोळे तपासून परत पाठवलं. पुढे शाळेत भूगोल शिकवला तरी जीव रुळांतच होता.

एका वर्षी त्यांनी धूर काढायचं मनावर घेतलं. उदबत्तीचा धूर फार बारीक निघाला. मग धुरांड्यात शिवणाचं पितळी अंगुस्तान बसवलं, त्यात इवलासा निखारा आणि वर उदाची पूड. धूर असा आला की आप्पाच खोकले. आवाज माझ्याकडे होता. पायऱ्यांमागे बसून सँडपेपर चिकटवलेले दोन ठोकळे एकमेकांवर घासायचे. पण किल्लीची गाडी आधी सुसाट सुटते आणि मग मंदावते. खरं इंजिन बरोबर उलटं. म्हणून पहिल्या वळणापर्यंत आप्पा तिला बोटाने अडवून धरत.

आजीला, आप्पांच्या आईला, हे मुळीच पसंत नव्हतं.

"देवीपुढचा ऊद इंजिनाच्या नाकात घालतोस? आल्यागेल्यानं एक शब्द काढला, तर पुढल्या वर्षापासून गाडी माळ्यावर."

"अम्मा, धुराशिवाय गाडी म्हणजे डबडं."

"मग डबडंच पळव."

त्याच संध्याकाळी साक्कोट्टैहून आजीच्या नात्यातल्या एक वयस्क बाई दर्शनाला आल्या. आप्पांनी गाडी सोडली, उदाचा वास घरभर पसरला. बाई लगबगीनं उठल्या, धुरावर हात फिरवून डोळ्यांना लावले आणि हात जोडून उभ्या राहिल्या. आई पदराआड हसली.

"हसायला काय झालं गं?" बाई म्हणाल्या. "ऊद घातलात, आरती कुठंय?"

आप्पांचा चेहरा उतरला. मी ठोकळे थांबवले. ऊद देवीचा नव्हे, गाडीचा, हे खरं सांगावं तर पाहुणीचा पाणउतारा, आणि न सांगावं तर आरती हवी. सगळे आजीकडे बघत राहिले.

"आणतेच आहे," आजी म्हणाली. तिनं निरांजन लावलं, देवीची पूर्ण आरती केली आणि बाईंना कुंकू, सुंडल देऊन वाटेला लावलं. सुंडल म्हणजे नवरात्रातली हरभऱ्याची उसळ.

बाई गेल्या तसे आप्पा रूळ उचलायला लागले.

"हे काय चाललंय?" आजीनं विचारलं.

"माळ्यावर ठेवतो."

"देवीला दाखवलेला ऊद आहे तो. मध्येच विझवतात होय? पण उद्यापासून आधी आरती, मग तुझी गाडी."

आप्पांनी उचललेला रूळ पुन्हा जागी बसवला.

ते घर विकलं गेलं, आणि त्या इंजिनाची स्प्रिंग तर त्याआधीच तुटली होती. चेन्नईला तुमच्या मामाकडे मात्र कोलूत विजेची गाडी असते, आणि ती अजूनही आरती झाल्यावरच सुरू करतात.