रोह्यापुढचं लुगडं

माझ्या गोदाआत्याचं आयुष्यात कुणाशी पटलं नाही. जावेशी नाही, सरपंचाशी नाही, देवाशी तर नाहीच. धामणगावजवळ नाल्याकाठी तिचं चार एकर वावर आहे. रोही, म्हणजे नीलगायी, आणि डुकरं शिरू नयेत म्हणून ती वावराच्या कडेच्या धुऱ्यावर स्वतःची जुनी लुगडी बांधते. यंदा हरभऱ्याचे घाटे भरत आले आणि नाल्याकडची लुगडी नाहीशी झाली. दोन दिवसांत रोह्यांनी हरभरा बुडासकट खाल्ला. महिनाभर आत्याने अख्ख्या गावाला चोर ठरवलं.

मी गावातला मास्तर. शाळेची सहल अमरावतीच्या नव्या निसर्ग संग्रहालयात निघाली, तर ही सगळ्यांच्या आधी गाडीत. नको म्हणायची माझी छाती झाली नाही.

आत गेल्यापासून तिचं तोंड सुरू. मेळघाटच्या सागवानाच्या देखाव्यात वाघ बसवला होता. "उपाशी दिसते," ती म्हणाली. तळ्यातल्या बगळ्यांना पाणीच नव्हतं, त्यावरून तिने रखवालदाराला झापलं. मी पोरांना पुढे पिटाळत होतो. शेवटचं दालन शेतशिवाराचं होतं, ते मला टाळायचं होतं. पण ती थांबली.

खोट्या हरभऱ्यात खऱ्याएवढा रोही उभा, आणि त्याच्यापुढे बांधलेलं हिरवं लुगडं.

"हे माहं आहे. पदराले ठिगळ मीच लावलं," म्हणत ती दोरी ओलांडून आत घुसली.

माहिती सांगणारी गीतांजली धावत आली. "आजी, हात लावू नका. जुनी चिंधी आहे ती. हवं तर नवी साडी देतो."

"नव्या साडीले रोही भेत नाही. मानसाच्या घामाचा वास लागते. बारा पावसाळे निंदलं मी या लुगड्यात. चोरलं कोनं?"

"चोरलं नाही हो. आम्ही गावात आलो, तेव्हा तुमच्या सरांनीच वावर दाखवलं. चिंध्याच आहेत, न्या म्हणाले."

आत्या वळली. आता पोरांदेखत माझा उद्धार होणार म्हणून मी मान खाली घातली.

"मले वाटलं, एखादं नेतील," मी म्हणालो.

"आन् महिनाभर मी लोकायले शिव्या देत होती, तवा तू काहून चूप होता?"

इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. तिने शांतपणे गाठ सोडली, लुगड्याची घडी करून काखेत मारली.

"रोह्याले तरी माहा वास समजते, किशोर," ती म्हणाली, आणि एकटीच बस स्टँडकडे निघाली.