आज कोण मरतला?

सोलणीची सुरी समोरच्या बाईच्या कपाळावर रोखून ती शांतपणे सांगायची, "आज तू मरतलंस." मग सुरी खाली आणि पुढचा काजू हातात. जिचं मरण जाहीर झालं ती "तुझ्या तोंडात माती पडो, माका कित्या?" म्हणून ओरडायची आणि बाकीच्या जणी आपण सुटलो म्हणून हसायच्या. आमच्या शेडमधला दिवस असा सुरू व्हायचा.

मालवणात उतरण्याआधी सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आमचा काजूचा कारखाना आहे. मी तिथला मुकादम. फोडून सुकवलेला गर सोलणीला येतो, तेव्हा चौदा बायका ओळीने बसून छोट्या सुरीने त्याचं लाल साल काढायच्या. गर अख्खा निघाला तर त्याला मान, फुटला तर तो तुकडा, मिठाईवाल्याच्या वाट्याचा. तुकडा कमी निघावा एवढंच बघण्यासाठी मला खुर्ची दिलेली होती. मीही इतकी वर्षं ती खुर्ची म्हणजे फार मोठं काही आहे असं समजत होतो.

रोज मरण जाहीर करणारी ती सोलणीवालींपैकीच एक, पन्नाशी ओलांडलेली, एकटी राहणारी. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. रविवारी मोबाइलवर हिंदीत बोलणारे परदेशी सिनेमे बघायची, पण त्यातही तिची निवड होती. नुसतं भूत तिला नको, नुसती मारामारी नको, प्रेमाचं तर नावच नको. तिला अवकाशयान हवं, त्यात बंदुका घेतलेली माणसं हवीत आणि त्या माणसांना एकेक करून संपवणारं, कुठून आलं ते न कळणारं काहीतरी हवं. तुम्हीही पाहिले असतील असे सिनेमे, एकात तीन कोंबलेले. ही कसली खिचडी, असं मी एकदा तिला विचारलं.

"नुसत्या भुताक कोण भियाता रे मुकादमा?" ती म्हणाली. "आमच्या देवचाराक नारळ दिलो, विडी ठेवली, की तो गप. ह्यो वरसून इलेलो. तेका नारळ कळत नाय, बंदूक कळत नाय. आणि आत डॉक्टर आसत, मशिनी आसत, सगळी शिकलेली माणसा. तरी मरतत. शिकलेली मरतत, तेच्यात खरी मजा."

एक सिनेमा ती चार दिवस सांगायची. त्यातली पात्रं म्हणजे शेडमधल्याच बायका. नव्या साखरपुड्याची अंगठी मिरवणारी पोरगी पहिल्या दिवशीच गेली, अंगठीचं बोट तेवढं यानाच्या जिन्यावर सापडलं. शेजारणीच्या डब्यावर डोळा ठेवणारी एक होती, तिला त्या काहीतरीने भाताच्या घासासारखी गिळली. जिवंत राहण्यासाठी बायका तिला घरच्या आंबोळ्या, घावणे आणून द्यायच्या. ती ते आवडीने खायची आणि खाऊन झाल्यावर देणारीला मारायची.

माझं पात्र ठरलेलं होतं. प्रत्येक सिनेमात एक साहेब असतो, त्याला सगळं कळतं आणि त्याच्यामुळेच सगळे अडकतात. तो मी. मी कधी कपाटात लपून मेलो, कधी रडत मेलो, एकदा तर पॅन्ट ओली करून. बाकीच्या तेरा जणी सुऱ्या खाली ठेवून हसायच्या. मीही हसायचो. घरी गेल्यावर मात्र जेवण गोड लागायचं नाही.

आता एक गोष्ट, जी कारखान्यात माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही असं मला वाटायचं. रोज संध्याकाळी मी तुकडा वजनाला लावायचो आणि ती सिनेमा सांगत असेल त्या दिवशी तो कमी भरायचा. ती आजारी पडून घरी राहिली की वाढायचा. मी तिला विचारलं तेव्हा तिने मान वर न करता सांगितलं, "भीती घातली की हात हळू जातत, गर अख्खो रवता. सारखीच भीती घातली तर हातच थांबतत. मगे बंदुको काढूच्यो, की हात परत धावतत. धावाक लागले की परत काळोख करूचो. तुका वाटला मी गजाली मारतंय?" खिचडीचं कारण मला तेव्हा कळलं.

तिच्या दुष्टपणाचा एक प्रसंग सांगतो. शेडमधल्या एकीच्या गळ्याला गाठ आली होती. गोव्याला ऑपरेशन ठरलं. तिने हात जोडले, "ह्या खेपेक माका शेवटपर्यंत ठेव गो. गुरवारी ऑपरेशन आसा." बुधवारी दुपारी हिने तिला मारलं. आणि मारलं कसं, तर त्या काहीतरीने तिच्या गळ्यातूनच वाट काढली. ती गाठीची बाई सुरी फेकून उठली आणि तिने हिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. हिनेही एक शिवी कमी पडू दिली नाही.

मी हिला बाहेर बोलावून झापलं. ती पदराने चष्मा पुसत म्हणाली, "म्हयनो झालो, आजारी म्हणान तिच्याशी कोण भांडूक नाय. सगळी मेल्यासारखी बघतत तिच्याकडे. आज भांडली मा? जा, बघ कशी जेवता ती." मी जाऊन पाहिलं. ती बाई रागाने लाल होऊन सगळा डबा संपवत होती. तीन आठवड्यांनी गळ्याला पट्टी बांधून ती परत आली आणि हिच्या शेजारीच बसली.

मग मालकाने सोलणीचं मशीन घेतलं. चौदांपैकी सहा पुरे. "काढायच्या बायकांची यादी तू कर," मालक म्हणाला. मी पहिलं नाव तिचं लिहिलं. गरजेपोटी नाही. रोज सगळ्या जणींसमोर मला मारते ना, बघू आता कोण कोणाला मारतं, असं मनात म्हणत लिहिलं. मालकाने कारण विचारलं. हिच्या गोष्टींमुळे तुकडा वाढतो, असं मी सांगितलं. इतकं धडधडीत खोटं मी आयुष्यात दुसरं बोललेलो नाही.

दुसऱ्या दिवशी बातमी शेडमध्ये पोचली आणि ती ऑफिसात आली. चप्पल बाहेर काढून आली. शेडमध्ये मला अरे-तुरे करणारी बाई टेबलासमोर हात बांधून उभी राहिली आणि तहसील कचेरीत बोलावं तसं बोलू लागली.

"साहेब, माझं काही चुकलं का?"

मी म्हटलं, "मालकांचा निर्णय आहे."

"मला दुसरं काम येत नाही, साहेब. मी उद्यापासून काही सांगणार नाही. तोंडच उघडणार नाही."

यादी टेबलावर उघडी पडली होती. वजनाच्या चिठ्ठ्यांवर वर्षानुवर्षं माझं अक्षर तिने पाहिलेलं होतं. तिने यादीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि चप्पल घालून गेली. मी तिला थांबवू शकलो असतो. यादीवर अजून मालकाची सही झालेली नव्हती.

तिच्या शेवटच्या दिवशी सिनेमा अर्ध्यावर होता. चंद्रावरची खाण, आत तिघंच उरलेली, त्यात मीही होतो. "फुडे काय झाला गो?" अंगठीवालीने विचारलं. तिने काजू सोलून सुपात टाकला.

"माका काय विचारतास? कोणी मरूचा ता आता मुकादम ठरवतत."

कोणी हसलं नाही. मी खाली मान घालून वजनाची वही चाळत बसलो.

मशीन हवेच्या झोताने साल उडवतं आणि गरही फोडतं. चार महिन्यांत तुकड्याचा ढीग एवढा झाला की, गोष्टी सांगू दे हवं तर, पण तिला परत आण, असं म्हणून मालकानेच मला तिच्याकडे पाठवलं. दुपारी स्कूटर घेऊन मी तिच्या घरी गेलो. तिने ओटीवर खुर्ची मांडली, कोकम सरबत दिलं आणि स्वतः दाराशी उभी राहिली. आता ती बाजारात सुकी मासळी विकायला बसते.

"नाही साहेब, मला जमणार नाही."

माझ्यामुळे झालं, माफ कर, असं म्हणायला मी वाटभर मनाशी घोकत आलो होतो. तोंडातून भलतंच निघालं. त्या चंद्रावरच्या खाणीत शेवटी कोण उरलं, असं मी विचारलं.

"मला आठवत नाही, साहेब," ती नम्रपणे म्हणाली.

मी उठलो. ती पेला घेऊन आत गेली. मागच्या परसात शेजारच्या बायका सुकट निवडत बसल्या होत्या. मी स्कूटर स्टँडवरून काढत होतो, तेवढ्यात तिचा आवाज आला. "हां, खंय इललंव? खाणीत तिघा उरली. तेतूरलो एक सायब..." मग तिने आवाज खाली घेतला. थोड्या वेळाने एक बाई किंचाळली आणि सगळ्या हसत सुटल्या.

मी किक मारली नाही. स्कूटर ढकलत फाट्यापर्यंत गेलो. तिचा आवाज ऐकू येईनासा झाल्यावरच सुरू केली.