वैजूची आणि माझी जोडपदवी

जिने मला एम.ए. पास करवलं, ती स्वतः एल.एल.बी.ला होती.

काल ती गेली.

वैजयंती. कोपरीच्या खाडीकाठच्या कोळ्यांची पोर. माझी वैजू.

शहाऐंशी-सत्त्याऐंशी साल असेल. मी डोंबिवलीची, बी.ए. करून बाहेरून एम.ए. लोकप्रशासनाला बसलेले. ती ठाण्यात लॉ कॉलेजला, सकाळच्या बॅचला. लायब्ररीत पंख्याखालचं टेबल एकच. त्यावरून आधी भांडलो, मग मैत्रिणी झालो.

तिला दोन्ही शिकायचं होतं. कायदाही, आणि सरकार निर्णय कसे घेतं तेही.

कारण तिच्या घरामागे खळं होतं. खळं म्हणजे मासळी वाळवायची मोकळी जागा. अख्ख्या वस्तीचं पोट त्याच्यावर. तिथून रस्ता जाणार अशी कुणकुण होती. वैजूचं म्हणणं, रस्ता आल्यावर कोर्टात भांडायला वकिली पुरेल. पण तो कुठून न्यायचा हे जिथे ठरतं, तिथलं कोण शिकवणार?

विद्यापीठ एका वेळी एकच पदवी करू द्यायचं. तोड वैजूनेच काढली. नावं आपापल्या जागी, अभ्यास मात्र दोघींनी दोन्हीचा.

आम्ही त्याला जोडपदवी म्हणायचो.

तिच्या नोट्स माझ्याकडे यायच्या त्या सुक्या जवळ्याचा, म्हणजे वाळवलेल्या इवल्या कोलंबीचा, वास घेऊन. आमची आई ते कागद गॅलरीत दोरीवर चिमट्यांनी टांगायची. करार कायदा आणि बाबांचे पायजमे शेजारी शेजारी. वैजूला हे कळल्यावर ती इतकी हसली की लायब्ररीतून आम्हाला बाहेर काढलं.

मग ते मूट कोर्ट. म्हणजे कॉलेजातलं लुटुपुटीचं कोर्ट. न्यायाधीश म्हणून एक ज्येष्ठ वकील आलेले.

केस साधी. अशिलाची तीन फूट जागा शेजाऱ्याने भिंत घालून लाटलेली.

वैजूने मागितलं शेजाऱ्याचं अख्खं अंगण.

वकीलसाहेबांनी विचारलं, कशाच्या आधारावर?

ती शांतपणे म्हणाली, "सर, आधी मागू तर द्या. मग तुम्ही खाली आणा."

हॉल हसून हसून लोळला. साहेबांनी तिला सुनावलं की हा मासळीबाजार नाही.

तिचं काय चुकलं होतं? तिची आई बाजारात मासळीची टोपली घेऊन बसायची, तिच्या शेजारी बसून ही मोठी झालेली. पहिला भाव चढाच सांगायचा, गिऱ्हाइकाने पाडायचा, मग दोघांनी मध्ये कुठेतरी भेटायचं. जगात सगळीकडे असंच चालतं, अशी तिची समजूत.

घरी तिच्या आईने विचारलं, "मंग? केवढ्याला देतो बोलला तो जज?"

त्या दिवशी वैजू रडली. कॉलेज सोडते म्हणाली. मी माझं पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. धोरणं कशी ठरतात त्याचा धडा होता. प्रत्येक गट आपापलं ताणून धरतो, शेवटी सगळ्यांना सोसेल तिथे येऊन थांबतात, असं काहीसं.

तिने तो दोनदा वाचला.

"अगं, हे तर आईचंच दुकान आहे," म्हणाली.

कॉलेज सोडायचं तिने पुन्हा काढलं नाही.

ती वकील झाली त्याच सुमारास रस्त्याचा आराखडा लागला. हरकती आणि सूचना मागवल्या. सुनावणीला ती उभी राहिली, मागे वस्तीतल्या बायका, आणि कोपऱ्यात मी.

वैजूने मागितलं काय? नवा धक्का. बर्फाचा कारखाना. मुलांना शाळा. खाडीचा सगळा काठ राखीव.

मी कपाळावर हात मारला. परत तेच!

अधिकारी आधी हसले, मग वैतागले, मग एकेक गोष्ट कापत बसले. धक्का नाही, कारखाना नाही, शाळा बघू. वैजू दर वेळी तोंड पाडायची. शेवटी तेच म्हणाले, बाई, खळं तेवढं ठेवतो, रस्ता बाजूने नेतो, आता मिटवा.

तिने मान अशी हलवली, जशी काही लुटली गेलीय.

बाहेर आल्यावर मला म्हणाली, "कोर्टात सिद्ध करता येईल तेवढंच मागायचं. इथे नाही गं."

आठवड्याने तिच्या आईने आमच्याकडे डबाभर जवळा पाठवला. आमच्या आईने तो दारातूनच शेजारी दिला. पण डबा स्वतः घासला, आणि रिकामा कसा पाठवायचा म्हणून चिवडा भरून परत केला. मग ते डबे वर्षानुवर्षं ये-जा करत राहिले.

पुढे तिने एम.ए.ही रीतसर केलं. मी कायद्याच्या वाटेला गेले नाही.

तिची लेक जुई उशिरा झालेली. आता ती कायदा आणि धोरण एकाच कॉलेजात, एकाच पदवीत शिकते. वैजू म्हणायची, आमच्या वेळी याला दोन बाया लागायच्या.

दोन वर्षांपूर्वी आजार कळला तेव्हा कल्याणच्या डॉक्टरांना तिने सांगितलं, दहा वर्षं पाहिजेत. ते म्हणाले, ताई, एवढं माझ्या हातात नाही. मग सहा म्हणाली. मग चार. मी बाहेर जाऊन रडून आले.

गेल्या आठवड्यात जुईचा पदवीचा शेवटचा पेपर झाला.

परवा मी वैजूचा हात धरून बसले होते. न राहवून म्हटलं, "वैजू, माग ना अजून थोडं."

तिने डोळे उघडले. इतक्या वर्षांत माझ्याशी कधी बोलली नव्हती, त्या तिच्या घरच्या भाषेत म्हणाली,

"नाय गो. पयला भाव मीच चढा सांगितलेला. मना पाह्यजे होता तेवढा गावला."

तुझं ठीक आहे गं. मला नाही पटलं एवढ्यात.

खूप खूप आठवण येतेय.

काल तुला पोहोचवून परतताना खळ्यावरून आलो. जवळा वाळत घातला होता.

सावकाश जा, वैजू.